विजेची बेगमी

मे महिन्याच्या सुरुवातीला दापोलीत एका चर्चेला गेलो होतो. विषय होता कोकण आणि नवी ऊर्जा. पहिल्या वक्त्यांनी सांगितलं की नॅनो तंत्रज्ञानामुळे, म्हणजे पदार्थाचे अतिसूक्ष्म कण करून वापरण्यामुळे, आपल्या नारळाच्या करवंटीतून बॅटऱ्या निघतील, भाताच्या तुसातून निघतील, समुद्रकाठच्या काळ्या वाळूतून सौरपॅनेल निघतील आणि बागायतदाराच्या दारी पैसा चालत येईल. दुसऱ्यांनी उठून सांगितलं की नॅनो म्हणजे डोळ्यांना न दिसणारं विष, एन्रॉन आलं तेव्हाही लोक असंच गोड बोलत होते, कोकणाला यातलं काहीही नको. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मी दोन तास बसलो होतो. गावात वीज गेली तर नळाला पाणी किती तास येतं, आरोग्य उपकेंद्रातला लशींचा फ्रीज किती वेळ गार राहतो, हे त्या दोन तासांत कोणीही विचारलं नाही.

ही चर्चा अशीच चालू राहिली तर आपण पुन्हा फसू, असं मला मनापासून वाटतं. मागच्या तीस वर्षांत कोकणात विजेवर जितकं भांडण झालं ते सगळं वीज कुठे तयार करायची यावर झालं. अंजनवेलचं एन्रॉन झालं, जयगडचं कोळशाचं केंद्र झालं, माडबनचा जैतापूर अणुप्रकल्प झाला. वीज साठवायची कुठे, यावर एक मोर्चा निघाला नाही आणि एक निवेदनही गेलं नाही. माझं म्हणणं असं आहे की कोकणाला नव्या वीज प्रकल्पाआधी वीज साठवायची सोय हवी, ती गावोगावी आणि लहान लहान हवी, आणि ती कोणत्या पदार्थाची असावी हे आपण स्वतः समजून घेऊन ठरवायला हवं. नॅनो पदार्थांचा संबंध इथे येतो, आणि तो पहिल्या वक्त्यांनी सांगितला तिथे नाही, दुसऱ्यांनी सांगितला तिथेही नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत. दुपारपर्यंत पोफळी मोडल्या, कौलं उडाली आणि विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. वादळाची भीती एका दिवसाची होती. वीज आली ती तेविसाव्या दिवशी. ते तेवीस दिवस मला अजून तपशिलानं आठवतात. नळपाणी योजनेचा पंप बंद, म्हणून जुन्या विहिरीवर रहाट पुन्हा बसवला. मोबाइल चार्ज करायला टेम्पोत जनरेटर घेऊन एक जण यायचा आणि त्याच्याभोवती वायरींचं जाळं पसरायचं. शेजारच्या काकूंची इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलेली असे. फडकं भिजवत राहायचं काम त्यांच्या नातवाकडे होतं. पण पाण्याची वाफ झाली तर गारवा येणार, आणि जूनच्या दमट हवेत वाफ होते किती? हात लावला तर बाटली कोमटच लागायची.

आणि आळीच्या टोकाला एका घराच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचे सौरपॅनेल होते. वादळात त्यांची एकही काच फुटली नाही. आठवड्याभरानं लख्ख ऊन पडलं, आणि त्या घरातही आमच्यासारखाच अंधार. कारण तो संच लाइनला जोडलेला होता, बॅटरी नव्हती. लाइनवरची वीज गेली की असा संच आपोआप बंद पडतो, आणि तो बंद पडायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून उलटा प्रवाह लागेल. म्हणजे त्या घरमालकाची चूक नव्हती, संच बसवणाऱ्याचीही नव्हती. सूर्य डोक्यावर होता, पॅनेल धडधाकट होतं, आणि मधे साठवण नव्हती. २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. चांगली योजना आहे. पण ते अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, आणि बॅटरीशिवाय बसवलेल्या संचाची पुढच्या वादळात तीच गत होणार आहे जी आळीच्या टोकाच्या त्या घराची झाली.

हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं याचंच मला आश्चर्य वाटतं. आपलं सगळं जगणं बेगमीवर उभं आहे. वैशाखात अंगणभर आमसुलं वाळत असतात, आंब्याफणसाची साठं उन्हात घातलेली असतात, सुकट आणि बोंबील डब्यात जातात, पडवीत लाकूडफाटा रचला जातो, कणगीत भात असतो. आषाढात रोज ताजं कुठून आणायचं, यावर आमच्या आज्या कधी वाद घालत बसल्या नाहीत. ज्या महिन्यात आहे त्या महिन्यात साठवायचं आणि नसेल तेव्हा काढायचं. आणि प्रत्येक वस्तूची साठवण वेगळी. भात कोणी बरणीत भरत नाही आणि लोणचं कोणी कणगीत ओतत नाही.

इथेच माझ्या एका अभियंता मित्रानं मला अडवलं होतं, आणि त्याचा मुद्दा या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार आहे. तो म्हणाला, कोकणाला बॅटरी कशाला, सह्याद्री हीच बॅटरी आहे. खरं आहे ते. कोयनेचं पाणी घाटावरून खालच्या पोफळी-अलोरे या गावांकडे सोडायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की जनित्रं फिरवायची, हा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प म्हणजे साठवणच आहे. घाटघरला तर २००८ पासून २५० मेगावॅटचं केंद्र पाणी खालून वर चढवतं आणि गरज पडली की वरून खाली सोडतं. राज्याच्या पातळीवर शेकडो मेगावॅट तासन् तास साठवायचे असतील तर डोंगर आणि पाणी यांना आज तोड नाही, आणि तिथे लिथियम बॅटरीचा हट्ट धरणाऱ्याशी मीही भांडेन. पण पोफळीचं वीजकेंद्र आणि आमच्या तालुक्यातलं हर्णै यांच्यात किती खांब आहेत? निसर्ग वादळाच्या दिवसांत कोयना व्यवस्थित चालू होती. धरणात पाणी होतं, जनित्रं ठणठणीत होती, आणि आमच्या घरात रॉकेलचा कंदील होता. तौक्ते वादळानं २०२१ च्या मे महिन्यात हीच गोष्ट सिंधुदुर्ग-रत्नागिरीला पुन्हा दाखवली. कणगी आणि बरणी यांच्यातला फरक तो हाच. राज्याची बेगमी डोंगरात ठेवा, पण गावाची बेगमी गावात हवी, पडलेल्या खांबाच्या अलीकडे.

आता गावात ठेवायची ती कशात? आज घरोघरी इन्व्हर्टरला शिसं आणि आम्लाची बॅटरी असते. तिच्यात वेळोवेळी पाणी घालायचं, टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यानं धुवायचा आणि तीन-चार वर्षांनी ती बदलायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला पर्याय म्हणून आज जी बॅटरी बाजारात सहज मिळते ती लिथियम फेरो फॉस्फेटची, म्हणजेच लोह-फॉस्फेटची, आणि तिची कथा मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे, कारण नॅनो म्हणजे नेमकं काय हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. त्या शोधनिबंधावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पदार्थात कोबाल्ट नाही, निकेल नाही. आहे ते लोखंड आणि फॉस्फेट, एक गंजात सापडणारं आणि दुसरं खताच्या गोणीत. स्वस्त, सुरक्षित, टिकाऊ. पण तो जवळजवळ निरुपयोगी होता, कारण त्यातून वीज वाहतच नव्हती. लिथियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, कणाच्या आत शिरायला आणि बाहेर यायला इतका वेळ लावत होता की बॅटरी चार्ज करताना माणूस कंटाळला असता.

मग काय केलं? नवं मूलद्रव्य शोधलं नाही. त्याच पदार्थाचे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास बारीक केले आणि प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ थर चढवला. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. आयनाला आत शिरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कण दहापट लहान केला की वेळ शंभरपट कमी होतो. वीज वाहून न्यायचं काम कार्बनच्या थरानं केलं. प्रयोगशाळेच्या फळीवर पडून राहिला असता असा तो पदार्थ आज रिक्षात, बसमध्ये आणि घरातल्या बॅटरीत आहे. नॅनोचं काम एवढंच आहे, आणि ते थोडं नाही. लांबट वाट आखूड करायची आणि पृष्ठभाग वाढवायचा. आख्खा फणस उन्हात ठेवला तर सडेल, त्याचा रस पातळ पसरला तर दोन-चार दिवसांच्या उन्हात साठ तयार होतं. यात जादू नाही आणि करणीही नाही.

पण हेच बारीक करणं जिथे अजून पुरतं जमलेलं नाही तिथलंही सांगायला हवं. तुसाच्या बॅटरीबद्दल त्या दिवशी जे सांगितलं गेलं त्याचं मूळ खरं आहे. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिका असते, भाताचं रोप ती जमिनीतून उचलतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आणि दक्षिण कोरियातल्या दोन गटांनी तुसातल्या या सिलिकेपासून सच्छिद्र नॅनो सिलिकॉन काढून त्याचा बॅटरीत वापर करून दाखवला. आकर्षण उघड आहे. आजच्या बॅटरीत लिथियम साठवणारा कार्बन म्हणजे ग्राफाइट, ते एका ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं, सिलिकॉन त्याच्या साधारण दहापट. मग अडतं कुठे? लिथियम आत गेला की सिलिकॉन फुगून तिपटीहून मोठा होतो आणि लिथियम बाहेर पडला की आकसतो. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं आणि माघ-फाल्गुनात वाळून भेगाळणारं आमच्या माजघराचं दार मी चाळीस वर्षं पाहतोय. सिलिकॉनच्या कणाला हे सोसणं रोज घडतं आणि काही फेऱ्यांत त्याचा चुरा होतो. सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण असले तर ते तडकत नाहीत, असं दिसून आलं आहे. पण इतक्या बारीक कणांचा पृष्ठभाग अफाट असतो, त्यावर बॅटरीतलं द्रावण सतत झिजत राहतं. म्हणून आज बाजारात सिलिकॉन येतो तो ग्राफाइटमध्ये थोडाथोडा मिसळून. तुसातून श्रीमंती येईल असं शेतकऱ्याला सांगणाऱ्यानं हेही सांगायला हवं.

करवंटीचं तसंच. तिच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. आठ-नऊशे अंशांवर वाफेत भाजून ती छिद्रं मोकळी केली की एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार-दीड हजार चौरस मीटर भरतो. आपल्या मापात सांगायचं तर चिमूटभर कोळशात दहा-पंधरा गुंठे जमीन. मला हे वाक्य वर्गात सांगताना दरवेळी अंगावर काटा यायचा. या पृष्ठभागावर विद्युतभार नुसता चिकटून बसतो आणि झटक्यात सुटतो. अशा साधनाला सुपरकपॅसिटर म्हणतात आणि ते लाखो फेऱ्या टिकतं. पण किलोमागे ते पाच-दहा वॉट-तास साठवतं, तर लिथियमची बॅटरी किलोमागे शंभर-दोनशे. म्हणजे झटका द्यायला सुपरकपॅसिटर चांगला, रात्रभर दिवा लावायला नाही. हा फरक सभेत सांगितला गेला नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त टोचली. करवंटीला ‘कचरा’ म्हटलं गेलं. कोणाच्या घरातला कचरा? आमच्याकडे करवंटी न्हाणीच्या चुलीत जाते, तिचा निखारा इस्त्रीत जातो. तूस वीटभट्टीला जातं. ज्याला आधीच उपयोग आहे ते कारखान्यानं उचललं तर त्याची किंमत मोजायला हवी, आणि त्या चुलीत मग काय जळणार याचं उत्तर द्यायला हवं. नाहीतर करवंटी वाचवायच्या नावाखाली डोंगरावरची किंजळ-ऐनाची झाडं तुटतील.

आता विरोधकांचं. त्यांचे दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. पहिला विश्वासाचा. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला, कारण ती वीज घेणं वीज मंडळाला परवडेना. गावकऱ्यांची जमीन गेली ती गेली. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचे आकडे दाखवले गेले, बारसूला सहा कोटी टनांच्या रिफायनरीचे. हे आकडे पाहून ज्याच्या मनात पहिल्यांदा शंका येते तो मागासलेला नाही, त्याला इतिहास माहीत आहे. दुसरा मुद्दा आरोग्याचा. टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी श्वासावाटे गेली तर माणसात कर्करोग होण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण सांगतं. युरोपनं २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत तिचा वापर थांबवला. कार्बनच्या काही नॅनो नळ्यांबद्दलही तशीच नोंद आहे. आणि कोकणातल्या रासायनिक वसाहतींखालच्या खाड्यांमध्ये मेलेले मासे तरंगताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ‘सांडपाणी शुद्ध करूनच सोडू’ हे वाक्य ऐकवून उपयोग नाही.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? धोका भुकटीचा आहे, हवेत उडणाऱ्या आणि पाण्यात मिसळणाऱ्या कणाचा. तो कारखान्याच्या आवारात आहे आणि बॅटरी फोडताना आहे. बंद डब्यात, द्रवात आणि चिकट लेपात बसलेला लोह-फॉस्फेटचा कण हवेत उडत नाही. गावच्या पंपघरात ठेवलेली बॅटरी आणि खाडीकाठी उभा राहणारा भुकटीचा कारखाना या दोन गोष्टी एकाच नावाखाली मोजणं म्हणजे चुलीतला विस्तव आणि वणवा एकच समजण्यासारखं आहे. कारखान्याला विरोध करायचा असेल तर करा, मीही येईन. पण त्या विरोधाच्या भरात उपकेंद्राची बॅटरी नाकारली गेली तर त्रास कोणाला होणार? मुंबईत बसून पत्रकं काढणाऱ्यांना नक्कीच नाही.

काळ्या वाळूच्या बाबतीत मात्र मी विरोधकांच्या बरोबर ठामपणे उभा आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंड या बाजूला वाळूत इल्मेनाइट आहे, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. त्यातून टायटॅनियम डायऑक्साइड निघतं, ते नॅनो रूपात सौरघटात वापरलं जातं, हेही खरं. १९९१ मध्ये मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओरेगन यांनी त्याच पदार्थाच्या सच्छिद्र थरावर रंगद्रव्य चढवून सौरघट केला होता. पण त्या घटाची किंमत वाळूत नव्हती, थर घडवण्यातल्या कौशल्यात होती. रेडीच्या खाणीतून लोखंडाची माती कित्येक वर्षं जहाजं भरून बाहेर गेली. रेडीला पोलादाचं ज्ञान त्यातून किती आलं? खड्डे राहिले. आणि किनाऱ्याची वाळू ही समुद्राला अडवणारी आपली पहिली भिंत आहे. वादळापासून वाचायला बॅटरी हवी म्हणायचं आणि त्यासाठी वादळ अडवणारा पुळणीचा बांध खणायचा, हा व्यवहार मला कोणत्याही भावानं पटणार नाही.

प्रयोगशाळेतला विक्रम आणि कोकणातलं छप्पर यांच्यातलं अंतरही लक्षात ठेवायला हवं. पेरोव्स्काइट नावाच्या सौरघटांनी २००९ मध्ये ३.८ टक्के प्रकाशाची वीज केली होती, आज तो आकडा २५ टक्क्यांच्या वर आहे. इतकी झपाट्याची प्रगती सौरघटांच्या इतिहासात क्वचितच झाली असेल. पण हा पदार्थ ओलाव्यानं विघटतो आणि त्यात शिसं असतं. ज्या हवेत कपाटातले कपडे बुरसतात आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं त्या हवेत तो वीस वर्षं टिकतो असं आधी दाखवावं, मग आम्ही तो छपरावर चढवू. मी त्या संशोधनाच्या विरोधात नाही. उलट त्याची चाचणी इथेच व्हावी, रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि आषाढाच्या झडीत, असं मला वाटतं. जे इथे टिकेल ते कुठेही टिकेल.

सोडियमच्या बॅटरीकडे मी जास्त आशेनं पाहतो. लिथियम जगात मोजक्या देशांच्या हातात आहे. सोडियम पृथ्वीच्या कवचात लिथियमच्या हजारपट आहे आणि समुद्र तर आपल्या दाराशी. सोडियमचा आयन मोठा, तो ग्राफाइटच्या थरांत नीट बसत नाही. त्याला वेडावाकडा रचलेला कठीण कार्बन लागतो, आणि तो कार्बन करवंटीसारख्या वस्तूंतून चांगला बनतो. करवंटीचा बॅटरीशी खरा संबंध हा आहे. ही बॅटरी वजनाला जड, म्हणून गाडीसाठी थोडी मागे, पण पंपघरात कोपऱ्यात बसून राहायला वजनाची काय अडचण? मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. मीठ कमी होतं म्हणून नाही, ते उचलायची परवानगी सरकार देत नव्हतं म्हणून. आजही मीठ कमी नाही. कार्बन भाजायची भट्टी, शुद्धता तपासायचं यंत्र, प्रत्येक घाणा सारखा उतरावा म्हणून लागणारा हात, हे कोणाकडे असणार हा प्रश्न आहे. बॅटरीचा कारखाना मागण्यापेक्षा रत्नागिरीच्या, चिपळूणच्या, सावंतवाडीच्या मुलांना बॅटरी उघडता, तपासता आणि जोडता यावी म्हणून आयटीआयत अभ्यासक्रम मागावा, हे मी त्या दिवशीही उठून बोललो. त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

हिशेब मोठा नाही. गावच्या नळयोजनेचा पाच एचपीचा पंप दोन तास चालवायला नऊ-दहा युनिट लागतात. बारा युनिटची लोह-फॉस्फेट बॅटरी साधारण अडीच सिमेंटच्या पोत्यांच्या वजनाची येते. शिशाच्या बॅटरीनं तेवढंच काम करायचं तर ती अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करता येत नाही, म्हणून सहा-सातशे किलो लागतील. मोटर सुरू होताना पाच-सहापट प्रवाह ओढते, तेव्हा हळू सुरू करणारा स्टार्टर लागेल. त्याचा खर्च आधीच धरावा, नाहीतर इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी बसेल. बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये, उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं. कौलारू किंवा स्लॅबच्या सावलीतल्या खोलीत, बंद पेटीत ठेवावी. कोणी म्हणेल, बारा युनिट तेवीस दिवस कसे पुरणार? पुरणार नाहीत, हे बरोबर आहे. म्हणून पॅनेल हवं, आणि लाइन गेल्यावर लाइनपासून सुटून स्वतंत्र चालणारा इन्व्हर्टर हवा. तीन किलोवॅटचं पॅनेल लख्ख दिवशी बारा युनिट देतं. ढगाळ दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येईल, मग पंप तास-पाऊण तास चालेल. हंडाभर पाण्यासाठी रहाट ओढलेल्या बाईला पाऊण तासाची किंमत माहीत आहे.

आमच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडला. पंपघर आणि उपकेंद्र, दोन ठिकाणी बॅटरी आणि पॅनेल. एकानं विचारलं, मोबाइलसारखी फुटली तर? मी सांगितलं की या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तो सहज सुटत नाही, म्हणून ही बॅटरी मोबाइलमधल्या कोबाल्टवाल्या बॅटरीपेक्षा पेट घ्यायला खूप अवघड. पण अजिबात पेटणार नाही असं मी सांगणार नाही, म्हणून खोली वेगळी आणि हवेशीर हवी. मग इन्सुलिनवाल्या काकू मागच्या बाकावरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, ते सगळं खरं. पण दहा-बारा वर्षांनी ती मेली की टाकायची कुठे? आमच्या वहाळात नको.” मी म्हणालो, काकू, २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेणं हे बनवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. त्या म्हणाल्या, “मग तसं ठरावात लिवा. तोंडी नको.” ग्रामसेवकांनी पेन उघडलं आणि ती ओळ पहिल्या कलमात, किमतीच्याही वर घातली.